वऱ्हाडांतील स्वराज्य पक्षाची दुफळी

कायदेमंडळांत शिरून सरकारचें यंत्र बंद पाडावें, कीं हातीं येईल तेवढी सत्ता घेऊन लोकांचें काम करावें, हा प्रश्न एके काळीं साऱ्या हिंदुस्थानांत गाजला. परंतु त्याची खरी कसोटी लागली ती मध्यप्रांत व वऱ्हाडांत. कापूस आणि ज्वारी यांवर जगणाऱ्या चिखलीसारख्या तालुक्याला हा वाद केवळ पुढाऱ्यांच्या भाषणांचा नव्हता. शाळा, दवाखाना, शेतकी खातें आणि दारूचें दुकान यांचा कारभार ज्या खात्यांकडे होता, नेमका त्यांवरच हा वाद चालला होता.

१९१९ च्या कायद्यानें प्रांतांत द्विदल राज्यपद्धति आली. पोलीस, जमीनमहसूल इत्यादि राखीव खातीं गव्हर्नर व त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहिलीं. शिक्षण, आरोग्य, शेतकी, अबकारी हीं सोंपीव खातीं दिवाणांकडे आलीं. वऱ्हाडची स्थिति तर आणखी चमत्कारिक. मुलूख कायद्यानें निजामाचा, पण १९०२ च्या करारान्वयें कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे आलेला. त्यामुळें येथील मतदारांनीं निवडलेला सभासदही कागदोपत्रीं सरकारनियुक्तच ठरे.

चित्तरंजन दास व मोतीलाल नेहरू यांनीं १९२३ च्या आरंभीं स्वराज्य पक्ष उभारला. त्या वर्षाच्या निवडणुकींत या पक्षास निर्विवाद बहुमत मिळालें तें मध्यप्रांत-वऱ्हाडांत. नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे कौन्सिलांतील पक्षाचे पुढारी होते. पक्षानें दिवाणगिऱ्या नाकारल्या. १९२४ च्या मार्चांत अंदाजपत्रकांतील मागण्या एकामागून एक नामंजूर झाल्या, आणि दिवाणांचा वार्षिक पगार दोन रुपयांवर आणून ठेवण्यांत आला. दिवाणांनीं राजीनामे दिले व गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनीं सोंपीव खातीं स्वतःकडे घेतलीं.

द्विदल पद्धतीचें पोकळपण यामुळें जगासमोर आलें, हें खरें. पण राखीव खात्यांचा नामंजूर खर्च गव्हर्नर आपल्या अधिकारांत पुन्हां मंजूर करूं शके. सोंपीव खात्यांत मात्र खातें चालूं राहण्यापुरताच त्याला अधिकार होता. म्हणजे पोलिसाचा पगार अडला नाहीं, नव्या शाळेची योजना मात्र अडूं शके. अडवणुकीचा हा व्यस्त न्याय वऱ्हाडांतील पुष्कळांच्या मनांत सलूं लागला.

त्यांना लोकमान्य टिळकांच्या शब्दांचा आधार होता. १९१९ च्या अमृतसर काँग्रेसच्या वेळीं टिळकांनीं प्रतियोगी सहकारितेचें धोरण सांगितलें होतें: सरकार जितकें देईल तितकें घ्यावें, आणि उरलेल्यासाठीं लढावें. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, यवतमाळचे बापूजी अणे हे टिळकांच्याच तालमींतले. जून १९२५ मध्यें दास वारले आणि पक्षाला सांवरून धरणारा एक हात गेला.

ठिणगी पडली ती त्याच वर्षीं ऑक्टोबरांत. अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे हे स्वराज्य पक्षाचे सभासद व कौन्सिलचे अध्यक्ष. त्यांनीं गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळांतील जागा स्वीकारली. मोतीलालजींनीं याला शिस्तभंग म्हटलें. केळकर, जयकर व मुंजे यांनीं उलट विचारलें कीं, विठ्ठलभाई पटेल मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष होतात, खुद्द मोतीलालजी सरकारच्या स्कीन कमिटीवर बसतात. मग तांबे यांचाच अपराध कसा? प्रश्न खोंचक होता, पण संपूर्ण न्याय्य नव्हता. सभेचा अध्यक्ष सभेनें निवडलेला असतो. कार्यकारी मंडळाचा सभासद सरकारचा असतो. हा भेद त्या गरमागरमींत झांकला गेला.

१९२६ च्या आरंभीं प्रतिसहकारवादी निराळे झाले. एप्रिलांत साबरमती येथें समेट झाला, पण दिवाणांस किती अधिकार मिळाले म्हणजे पुरे, याच अर्थावरून तो मे महिन्यांत मोडला. निवडणुकींत पक्षाचें बहुमत गेलें, आणि १९२७ मध्यें बिलासपुरचे राघवेंद्र राव व वऱ्हाडचे रामराव देशमुख दिवाण झाले. तांबे १९२९ मध्यें कांहीं काळ हंगामी गव्हर्नरही झाले.

म्हणून एक पक्ष देशभक्त व दुसरा पदलोलुप, असा निवाडा करणें सोपें आहे. पण इतिहास तो मान्य करीत नाहीं. सत्ता घ्यावी म्हणणारे अणे १९३० मध्यें पुसदच्या जंगल सत्याग्रहांत कायदा मोडून तुरुंगांत गेले, आणि १९३३ मध्यें काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष झाले. पुढें ते व्हॉइसरॉयच्या मंडळांत गेले आणि १९४३ मध्यें गांधीजींच्या उपोषणाच्या वेळीं तेथून राजीनामा देऊन बाहेर पडले. खुर्चीवर बसणें आणि खुर्ची सोडणें, दोन्ही त्यांना साधलें.

१९३५ च्या कायद्यानें प्रांतांतील द्विदल पद्धति गेली, आणि १९३७ मध्यें काँग्रेसनेंच मंत्रिपदें घेतलीं. अडवणुकीनें पद्धतीचें वैगुण्य उघड केलें; कारभाराचा अभ्यास मात्र सत्ता घेतल्यावांचून होत नाहीं. पक्षांत मतभेद असणें हा दोष नव्हे. तो मिटविण्याची ठरलेली रीत नसली, तर दुफळी पुढाऱ्यांची होते आणि शाळा राहते ती खेड्यांतल्या पोरांची.