अँग्लो-सॅक्सन विद्येची जन्मतारीख

इंग्रजी भाषेच्या इतिहासावरची पुस्तके एक गोष्ट ठरल्यासारखी सांगतात. नॉर्मन विजयापूर्वीच्या इंग्रजीचा, म्हणजे अँग्लो-सॅक्सनचा, शास्त्रशुद्ध अभ्यास एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. डॅनिश भाषापंडित रास्मुस रास्कने 1817 साली स्टॉकहोमला आपले व्याकरण छापले, पाठोपाठ याकोब ग्रिम आला आणि उजाडले. त्याआधीचे अडीचशे वर्षांचे छापील काम? ते धर्मभांडणातले हत्यार आणि हौशी मंडळींचा शौक. हे मत इतक्यांनी इतक्यांदा उतरवून घेतले आहे की त्याचा पुरावा मागायचे कोणाला सुचत नाही.

पूर्वपक्ष लेचापेचा नाही, हे आधीच मान्य करतो. मॅथ्यू पार्कर 1559 मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप झाला. रोमपासून फुटलेले आपले चर्च नवे नाही, जुन्या इंग्लिश चर्चचेच वारस आहे, हे त्याला सिद्ध करायचे होते. 1566 च्या सुमारास त्याने आणि त्याचा चिटणीस जॉन जॉसलिन याने ‘अ टेस्टिमनी ऑफ अँटिक्विटी’ हे छोटे पुस्तक सिद्ध केले. मुद्रक जॉन डे याने त्यासाठी अँग्लो-सॅक्सन अक्षरांचे खिळे मुद्दाम पाडून घेतले. अशा खिळ्यांनी छापलेले हे पहिले पुस्तक. आत एल्फ्रिक या अँग्लो-सॅक्सन धर्मपंडिताचे ईस्टरचे प्रवचन. प्रसादाची भाकरी हा ख्रिस्ताचा देह खरा, पण आध्यात्मिक अर्थाने, शारीरिक अर्थाने नव्हे, असा त्याचा रोख. पार्करला हवे होते तेच. हेतू उघड आहे, आणि तो त्याने लपवलाही नव्हता.

पण हेतू सांगून झाला म्हणजे ग्रंथाची परीक्षा झाली, असे कोणी ठरवले? याच प्रवचनात एल्फ्रिकने दोन चमत्कारकथा सांगितल्या आहेत. त्यांत वेदीवरची भाकरी प्रत्यक्ष रक्तमांस झालेली दिसते. प्रॉटेस्टंट प्रचाराला याहून अडचणीचे दुसरे काय असणार? निव्वळ प्रचारकाने हा भाग गाळला असता. पार्करच्या मंडळींनी तो छापला, त्याचा इंग्रजी अनुवादही दिला आणि समासात कुरकुर केली की या कथा मागाहून घुसडलेल्या दिसतात. ही टीप चुकीची आहे. कथा एल्फ्रिकच्याच आहेत. मात्र आपला पूर्वग्रह समासात ठेवून मूळ पाठ जागच्या जागी राहू देणे, यालाच आपण संपादन म्हणतो. आजच्या कित्येक संपादकांना एवढेही साधत नाही.

ही शिस्त सज्जनपणातून आली असे मी म्हणत नाही. ती धाकातून आली. टॉमस स्टेपलटन या कॅथलिक पंडिताने 1565 मध्ये अँटवर्पहून बीड या जुन्या इंग्लिश भिक्षूने लिहिलेल्या चर्चच्या इतिहासाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला होता, आणि जुने इंग्लिश चर्च आमचेच, असा त्याचा दावा होता. समोर असा वाचक बसलेला असताना खोटा पाठ छापणे परवडणारे नव्हते. म्हणून पार्करच्या पुस्तकात दोन आर्चबिशप आणि तेरा बिशप यांच्या सह्यांनिशी ग्वाही आहे, की छापलेला मजकूर जुन्या पोथीबरहुकूम आहे. मूळ अक्षरे एका पानावर, अनुवाद समोरच्या पानावर. शंका असेल त्याने ताडून पाहावे. भांडणाने विद्या बिघडते, असे पूर्वपक्ष गृहीत धरतो. इथे भांडणानेच तिला पुरावा मांडायला लावले. आणि ही विद्या एकाच पंथाची राहिलीही नाही. 1605 मध्ये सॅक्सन पूर्वजांवर जाडजूड पुस्तक काढणारा रिचर्ड व्हर्स्टेगन अँटवर्पला परागंदा झालेला कॅथलिक होता.

आता पूर्वपक्षाचा हुकमी पत्ता. पार्करने 1574 मध्ये आल्फ्रेड राजाचे ॲसरने लिहिलेले लॅटिन चरित्र छापले आणि त्यात राजाच्या हातून भाकऱ्या करपल्याची गोष्ट घातली, जी ॲसरच्या पोथीत नव्हती. हा प्रक्षेप आहे, त्याला दुसरे नाव नाही. ती गोष्ट त्याने सेंट नीट्सच्या बखरीतून उचलली, कारण ती बखरही ॲसरचीच, अशी त्याची समजूत होती. समजूत खोटी, आणि न सांगता भर घालणे हा दोषच. परंतु हा दोष कळला कसा? ॲसरची पोथी 1731 मध्ये लंडनच्या ॲशबर्नहॅम हाउसमधल्या आगीत, कॉटन हस्तलिखित-संग्रहातल्या इतर कित्येक पोथ्यांबरोबर, गेली. फ्रान्सिस वाइजने 1722 च्या आवृत्तीसाठी ती पोथी ताडून घेतलेली होती, आणि पार्करच्या वेळच्या नकलाही उरल्या होत्या. त्यांच्या बळावर संपादक स्टीव्हन्सनने 1904 मध्ये पार्करची भर वेगळी काढून दाखवली. म्हणजे ज्यांना हौशी म्हणून मोडीत काढायचे, त्यांनीच मागे ठेवलेल्या साधनांनी त्यांची चूक पकडली गेली.

त्या आगीचा हिशेब पूर्वपक्षाने कधी केलेला दिसत नाही. मॉल्डनच्या लढाईवरचे काव्य जळाले. टॉमस हर्नने ते 1726 मध्ये, गद्यासारखे सलग का होईना, छापून ठेवले होते. रून-लिपीवरचे काव्य जळाले. जॉर्ज हिक्सच्या महाग्रंथात ते छापलेले होते. फिन्सबर्गच्या लढाईचे सुटे पान हिक्सला लॅम्बेथच्या ग्रंथसंग्रहात सापडले होते, ते पुढे हरवले. आज त्या काव्याचा पाठ हिक्सच्या छापील पानाखेरीज कुठेही नाही.

हिक्स हा माणूसच विलक्षण. राजा विल्यम आणि राणी मेरी यांच्याशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला म्हणून वूस्टरच्या डीनपदावरून गेला, लपतछपत राहिला आणि त्याच काळात उत्तरेकडच्या जुन्या भाषांचा हा ग्रंथ रचला (1703 ते 1705). व्याकरण त्याने लॅटिनच्या साच्यात कोंबले, बोलींची वाटणी चुकवली. रास्कने त्याला धारेवर धरले ते योग्यच. पण जुन्या दानपत्रांतली खोटी कशी ओळखावीत, याची चर्चाही त्याच ग्रंथात आहे. ग्रंथाचा दुसरा खंड म्हणजे हम्फ्री वॉनलीची हस्तलिखितांची सूची. वॉनली कॉव्हेंट्रीच्या कापडवाल्याकडे उमेदवारी केलेला. बेओवुल्फ काव्याचा सारांश त्याने साफ चुकीचा दिला, हे खरे. तरी त्या सूचीची जागा घेणारी नवी सूची निघायला 1957 साल उजाडावे लागले, आणि जळालेल्या कित्येक पोथ्यांत काय होते हे आजही वॉनलीलाच विचारावे लागते. एलिझाबेथ एल्स्टॉबने 1715 मध्ये या भाषेचे पहिले इंग्रजीतले व्याकरण लिहिले आणि प्रस्तावनेत स्विफ्टसारख्यांच्या टिंगलीला सडेतोड उत्तर दिले. तिला अपवाद म्हणून बाजूला काढतात. खरे तर ती हिक्सच्याच परंपरेतली.

रास्कचे मोठेपण मला नाकारायचे नाही. पुढे 1820 मध्ये मुंबईला येऊन पारशी मंडळींकडून अवेस्ता समजून घेणारा आणि पोथ्या जमवणारा तोच हा रास्क. ध्वनिबदलांची संगती त्याला दिसली, ती हिक्सला दिसली नव्हती. पण त्याचे व्याकरण मुख्यतः छापील ग्रंथांवर उभे होते, आणि ते ग्रंथ याच जुन्या मंडळींनी किंवा त्यांच्या शिष्यपरंपरेने छापलेले. 1817 ही ऐतिहासिक भाषाशास्त्राच्या सुरुवातीची एक तारीख जरूर असेल. अँग्लो-सॅक्सन विद्येची जन्मतारीख मात्र जॉन डेच्या छापखान्यातच नोंदवावी लागेल.