मराठी कॅथोलिक उपासनासंगीत

कॅथोलिक ख्रिस्ती समाजाच्या मिस्सेत व अन्य धर्मविधींत मराठीतून गायिल्या जाणाऱ्या गीतांना मराठी कॅथोलिक उपासनासंगीत म्हणता येईल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–१९६५) लोकभाषेला उपासनेची दारे खुली केल्यानंतर या संगीताला प्रत्यक्ष मिस्साविधीत स्थान मिळाले.

== पार्श्वभूमी ==
१५७० च्या मिस्साग्रंथानुसार मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. लोकभाषेतील भक्तिरचना प्रामुख्याने विधीबाहेर राहिल्या. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' (१६१६) हे त्याचे ठळक उदाहरण होय. हा मराठी ग्रंथ प्रथम रोमन लिपीत छापला गेला. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी ग्रेगोरियन गायनाच्या पुनरुज्जीवनाचा आदेश काढला. भाविकांच्या सक्रिय सहभागाचा विचारही त्यात मांडलेला आहे.

== परिषदेचे धोरण ==
४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक संविधान घोषित झाले. त्याचे सहावे प्रकरण संगीतावर आहे. त्यात ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान देण्यात आले. त्याचबरोबर मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य महत्त्व द्यावे, असेही सांगितले आहे. लॅटिन रद्द करण्यात आली नाही. १९६७ च्या संगीतविषयक निर्देशाने गायनवृंद हा उपासक समुदायाचाच घटक असल्याचे स्पष्ट केले. नवा मिस्साविधी १९६९ मध्ये लागू झाला. त्याच वर्षी भारतासाठी पंचांग प्रणाम, समई, आरती इत्यादी १२ बाबींना रोमची संमती मिळाली.

== महाराष्ट्रातील स्वरूप ==
मराठी उपासनेचे प्रमुख केंद्र वसई परिसर हे आहे. १९९८ मध्ये तेथे स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणारे भाविकही मिस्सेत प्रमाण मराठी वापरतात. साथीला पेटी व तबला यांचाही उपयोग होतो. प्रवेशगीत वा अर्पणगीत ओवी-अभंगाच्या वळणाने रचता येते; परंतु मिस्सेच्या नित्यभागांचे शब्द धर्माधिकाऱ्यांनी मान्य केलेले असल्याने छंदासाठी त्यांत मनाजोगा फेरफार करता येत नाही. मुळात गद्य असलेल्या या संहितेला चाल लावणे हे संगीतकारापुढील मुख्य आव्हान असते.

== मतभेद ==
सुधारणेचे समर्थक लोकसहभागावर भर देतात. लॅटिन गायनाचा शतकानुशतकांचा ठेवा मागे पडला, असा परंपरावाद्यांचा आक्षेप आहे. भारतीय प्रतीके हिंदू उपासनेतून उचलली गेल्याची टीकाही झाली. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये जुन्या लॅटिन मिस्सेला व्यापक मुभा दिली. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये ती पुन्हा मर्यादित केली.