चर्चा मागण्याचा हक्क

संसदेचे काम कायदे करणे, असे आपण शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शिकतो. पण त्याआधीची एक पायरी असते आणि ती पुष्कळदा अधिक अवघड असते. एखादा विषय सभागृहात बोलण्याजोगा आहे, हे आधी सभागृहाकडून मान्य करून घ्यावे लागते. आयर्लंडच्या संसदेचा इतिहास वाचताना मला हे प्रकर्षाने जाणवले.

‘डॉल’ हे तिथले लोकनियुक्त सभागृह आणि ‘शॅनड’ हे ६० सदस्यांचे वरिष्ठ सभागृह. त्यातील ११ जण पंतप्रधान नेमतात. आपल्या राज्यसभेतील १२ राष्ट्रपतीनियुक्त सदस्यांची कल्पना आयर्लंडवरूनच आली. शॅनडचे अधिकार बेताचे. सर्वसाधारण विधेयक ते फार तर ९० दिवस रोखू शकते. म्हणून सदस्यांचे खरे हत्यार म्हणजे चर्चेची मागणी. दिवसाचे कामकाज ठरताना ते उभे राहतात आणि सभागृहनेत्याला सांगतात : घरांच्या प्रश्नावर चर्चा ठेवा, रुग्णालयांबद्दल मंत्र्यांना बोलवा. ऐकणाऱ्याला हा रोजचा उपचार वाटेल. पण ही मागणी नाकारली गेली तर काय होते, हे १९७१ मध्ये दिसले.

त्या वेळी आयर्लंडमध्ये संततिनियमनाच्या साधनांची विक्री आणि आयात १९३५ च्या कायद्याने बंद होती. मेरी रॉबिन्सन १९६९ मध्ये, अवघ्या २५ व्या वर्षी, शॅनडवर निवडून आल्या होत्या. पुढे १९९० मध्ये आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या, त्या याच. जॉन होर्गन आणि ट्रेव्हर वेस्ट या दोन सहकाऱ्यांसह त्यांनी ही बंदी उठवणारे विधेयक आणले. चर्चचा विरोध कडवा होता. डब्लिनचे आर्चबिशप मॅकक्वेड यांचे या बदलाविरुद्धचे पत्र चर्चमधून वाचून दाखवण्यात आले. त्याच वर्षी मे महिन्यात काही महिला रेल्वेने बेलफास्टला गेल्या, तिथून ही साधने घेतली आणि डब्लिन स्थानकावर सर्वांदेखत घेऊन उतरल्या. रस्त्यावर विषय उघड झाला होता. संसदेत मात्र दार बंदच.

जुलैमध्ये शॅनडने विधेयक मांडायलाच परवानगी नाकारली. ते सभागृहातर्फे छापलेदेखील गेले नाही. विरोधात मत देणाऱ्यांना आपले म्हणणे पटवून द्यावे लागले नाही, कारण वादच झाला नाही. मला हे पराभवापेक्षा गंभीर वाटते. हरलेल्या विधेयकाची निदान नोंद राहते, बाजू-प्रतिबाजू लोकांसमोर येतात.

संसदेने टाळलेला प्रश्न मग न्यायालयाच्या दारात गेला. मेरी मॅगी या चार मुलांच्या आईला पुन्हा गर्भधारणा झाल्यास जिवाचा धोका होता. डॉक्टरांच्या सल्ल्याने इंग्लंडहून मागवलेले औषध जकात अधिकाऱ्यांनी जप्त केले. डिसेंबर १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की पतिपत्नीच्या खासगी आयुष्यात अशी बंदी घालता येणार नाही.

आता गप्प राहणे शक्य नव्हते. १९७४ च्या मार्चमध्ये रॉबिन्सन यांचे नवे विधेयक ३२ विरुद्ध १० मतांनी पडले, पण चर्चा होऊन पडले. जुलैमध्ये सरकारचेच विधेयक डॉलमध्ये ७५ विरुद्ध ६१ मतांनी फेटाळले गेले आणि विरोधात मत देणाऱ्यांत खुद्द पंतप्रधान कॉसग्रेव्ह होते! १९७९ च्या कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर साधने मिळू लागली, तर १९८५ मध्ये प्रौढांसाठी चिठ्ठीची अटही काही साधनांपुरती गेली. छापूही न दिलेल्या त्या विधेयकापासून इथवर यायला १४ वर्षे लागली.

ऑक्टोबर २०१३ मध्ये शॅनडच रद्द करावे का, यावर सार्वमत झाले. तिथे नुसत्या गप्पा होतात, असा आक्षेप होता. ५१.७ टक्के मतदारांनी ते ठेवायचे ठरवले. त्यांची कारणे नाना असतील. पण ज्या सभागृहात एके काळी बोलूच दिले गेले नाही, तिथे बोलता येणे ही गोष्ट मला तरी ‘नुसती’ वाटत नाही.