केअर ऑफ ५६ एपीओ

कारगिल म्हटलं की आपल्याला टायगर हिल आठवतो, तोलोलिंग आठवतं. पण १९९९च्या उन्हाळ्यात या शिखरांच्या पायथ्याशी एक रस्ताही युद्धात होता. माझे पप्पा त्या रस्त्यावर होते. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, ड्रायव्हर म्हणून.

ते त्याबद्दल बोलत नाहीत. विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "मी कुठं लढलो? गाडी चालवली." म्हणून मी कागदांकडे वळलो. डिस्चार्ज बुक, ऑपरेशन विजय स्टार हे पदक आणि आईने जपलेली आंतरदेशीय पत्रं. सगळ्या पत्रांवर एकच पत्ता, केअर ऑफ ५६ एपीओ. जवान नेमका कुठे आहे हे पत्त्यावरून कळू नये, अशीच लष्करी टपालाची रचना असते. आत मजकूर काय? पाऊस पडला का, पोराला डोस दिला का. साताऱ्याजवळच्या गावात बसलेल्या आईला त्यातून एवढंच कळायचं, की पत्र लिहिलं त्या दिवशी माणूस जिवंत होता.

मग मी नकाशा उघडला. श्रीनगर-लेह महामार्ग, तेव्हाचा १-अ. सोनमर्गच्या पुढे साडेअकरा हजार फुटांवर झोजिला खिंड, तिच्या पलीकडे द्रास. तोलोलिंगवरून हा रस्ता स्पष्ट दिसतो. वर बसलेले घुसखोर पाकिस्तानी तोफखान्याला नेम सांगायचे आणि गोळे रस्त्यावर पडायचे. त्यामुळे ताफे रात्री, हेडलाइट बंद करून निघायचे. १३ जूनला २ राजपुताना रायफल्सने तोलोलिंग घेतलं, तेव्हा कुठे द्रासजवळचा रस्ता जरा मोकळा झाला.

आता थोडं गणित. बोफोर्सच्या एका गोळ्याचं वजन चाळीस किलोंहून जास्त. तीन टनी ट्रकमध्ये असे फार तर सत्तर मावतात. मारा सलग चालू असेल तर एक तोफ तेवढे गोळे बघता बघता संपवते. म्हणजे वरच्या प्रत्येक चढाईआधी किती ट्रकांनी किती रात्री झोजिला ओलांडली असेल?

हे गणित मी पप्पांना दाखवलं नाही. फक्त फोनवर तो रस्ता दाखवला. त्यांनी दोन बोटांनी नकाशा मोठा केला आणि बराच वेळ वळणं बघत राहिले.

"पुढच्या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलला पांढरा गोल रंगवलेला असतो. त्यावर बारकासा दिवा. तेवढा गोल धरून चालायचं. तो दिसेनासा झाला की समजायचं, पुढं वळण आहे, नाहीतर..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. मीही पुढे विचारलं नाही.

या युद्धात आपले ५२७ जवान गेले. परत आलेल्यांपैकी बहुतेकांना कुणी काही विचारलं नाही. तुमच्या घरात असं कुणी असेल तर "युद्धात काय केलंत?" असं विचारू नका. "रस्ता कसा होता?" एवढंच विचारा आणि फोन त्यांच्या हातात द्या.