मॅकिनॉ सेंटर : मिशिगनमधील उजव्या विचारांचा थिंक टँक, त्याचे वाद आणि तिथले मुसलमान

मॅकिनॉ सेंटर फॉर पब्लिक पॉलिसी ही अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील धोरण-संशोधन संस्था. स्पेलिंगच्या शेवटी ‘सी’ आहे, पण उच्चार मॅकिनॉ असाच होतो. स्थापना १९८७ ची. मुख्यालय राजधानी लॅन्सिंगमध्ये नाही, डेट्रॉइटमध्येही नाही. ते मिडलंड या छोट्या शहरात आहे, जिथे डाऊ केमिकल या बलाढ्य कंपनीचं मुख्यालय आहे. कर कमी करा, सरकार लहान ठेवा, कामगार संघटनांची ताकद घटवा, शाळा निवडण्याचा हक्क पालकांना द्या, ही संस्थेची ठरलेली भूमिका.

आमच्या वाचकांना मिशिगनच्या एका संस्थेशी काय घेणंदेणं, असा प्रश्न कुणी विचारेल. डेट्रॉइटला लागून असलेली डिअरबॉर्न आणि हॅमट्रॅमिक ही अमेरिकेतील मुसलमानांच्या मोठ्या वस्तीची शहरं आहेत. लेबनीज, येमेनी, बांगलादेशी कुटुंबं तिथे मोटारींच्या कारखान्यांमुळे स्थिरावली. त्यांची नोकरी, मुलांची शाळा, नगरपालिकेतलं त्यांचं मत, या तिन्ही गोष्टींना या संस्थेच्या कामाचा स्पर्श झालेला आहे. आणि राज्य पातळीवरचा थिंक टँक नेमकं काय करतो, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण आम्हाला सापडत नाही.

अमेरिकेत कामगार कायदे, शाळा, महापालिका, मतदानाचे नियम यांचा मोठा भाग राज्यांच्या हातात असतो. वॉशिंग्टनमध्ये हेरिटेजसारख्या संस्था होत्याच, पण राज्यांच्या राजधान्यांत तसं काही नव्हतं. ही पोकळी ओळखून १९८० च्या दशकात राज्यागणिक संस्था निघू लागल्या. १९९२ मध्ये त्यांना जोडणारं ‘स्टेट पॉलिसी नेटवर्क’ उभं राहिलं. मॅकिनॉ सेंटर हा त्यातला सर्वात यशस्वी सदस्यांपैकी एक, आणि दुसऱ्या राज्यांतल्या व परदेशांतल्या अशा संस्थांच्या लोकांना तिथे प्रशिक्षणही दिलं जातं.

या संस्थेतून बाहेर पडलेली एक कल्पना मात्र जगभर गेली. जोसेफ ओव्हर्टन हे संस्थेचे वरिष्ठ पदाधिकारी. १९९० च्या दशकात देणगीदारांना थिंक टँकचं काम समजावून सांगताना त्यांनी एक साधी मांडणी केली. कुठल्याही प्रश्नावर टोकापासून टोकापर्यंत अनेक धोरणं शक्य असतात, पण जनतेला मान्य होतील अशी त्यातली थोडीच असतात. राजकारणी त्या थोड्यांतूनच निवड करतो, कारण त्याला निवडून यायचं असतं. म्हणून राजकारण्याच्या मागे लागण्यापेक्षा ती मान्यतेची चौकटच सरकवा. २००३ मध्ये छोट्या विमानाच्या अपघातात ओव्हर्टन वारले. त्यानंतर सहकाऱ्यांनी या कल्पनेला ‘ओव्हर्टन विंडो’ हे नाव दिलं.

चौकट सरकते म्हणजे काय, हे अमेरिकेतल्या मुसलमानांना वेगळं सांगायला नको. डिसेंबर २०१५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी मुसलमानांना देशात येण्यास बंदी घालण्याची मागणी केली, तेव्हा त्यांच्याच पक्षातले मोठमोठे नेते दचकले होते. जानेवारी २०१७ मध्ये काही मुस्लिमबहुल देशांवरच्या प्रवासबंदीचा आदेश निघाला आणि २६ जून २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुधारित आवृत्ती वैध ठरवली. या प्रकरणाशी मॅकिनॉ सेंटरचा संबंध नाही, हे इथे स्पष्ट करतो. उदाहरण फक्त चौकटीचं आहे.

आता वादांकडे येऊ. सर्वात मोठा वाद ‘राइट टू वर्क’चा. नाव ऐकून नोकरीची हमी देणारा कायदा वाटेल, पण तसं काही नाही. युनियनची वर्गणी किंवा फी भरण्याची सक्ती कुठल्याही कामगारावर करता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. समर्थक याला कामगाराचं स्वातंत्र्य म्हणतात. विरोधकांचं म्हणणं असं की युनियनने केलेल्या कराराचा फायदा सगळ्यांना मिळणार आणि पैसे मात्र काहीजणच भरणार, मग युनियन टिकणार कशी? मिशिगन म्हणजे मोटार कामगारांच्या युनियनचं माहेरघर. तिथे असा कायदा येईल असं १९९० मध्ये कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. मॅकिनॉ सेंटरने वीस वर्षं लेख, अहवाल, भाषणं यांतून तो विषय जिवंत ठेवला. डिसेंबर २०१२ मध्ये, जुन्या विधिमंडळाचे शेवटचे काही दिवस उरले असताना, समितीपुढे सुनावणी न होता विधेयक मंजूर झालं. बाहेर हजारो कामगार घोषणा देत असताना ११ डिसेंबरला गव्हर्नर रिक स्नायडर यांनी सही केली. शिवाय त्यात खर्चाची तरतूद घातली होती, कारण मिशिगनच्या राज्यघटनेनुसार अशा कायद्याविरुद्ध जनमत घेता येत नाही.

या वादात मुसलमान कामगार कुठे होते? युनियनच्या बाजूने होते, असं सरसकट उत्तर देता येणार नाही. १९७३ ची गोष्ट आहे. मोटार कामगारांच्या युनियनने इस्रायलचे रोखे विकत घेतले होते, म्हणजे येमेनी आणि पॅलेस्टिनी कामगारांच्या पगारातून कापलेली वर्गणीही तिकडे जात होती. नोव्हेंबरमध्ये हॅमट्रॅमिकच्या डॉज मेन कारखान्यात अरब कामगारांनी काम थांबवून निषेध केला. ‘माझ्या पैशातून मला न पटणारं काम का?’ हा त्यांचा सवाल होता, आणि राइट टू वर्कवाले नेमका हाच सवाल विचारतात. फरक एवढाच की त्या कामगारांना युनियन मोडायची नव्हती, सुधारायची होती. आमच्या मते हा फरक छोटा नाही.

पुढे २७ जून २०१८ ला, प्रवासबंदीच्या निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने जेनस खटल्यात देशभरच्या सरकारी कर्मचाऱ्यांना सक्तीच्या युनियन फीमधून मोकळं केलं. त्यात जो १९७७ चा निकाल रद्द झाला तो डेट्रॉइटच्या शिक्षकांचाच होता. मिशिगनमध्ये मात्र वारं फिरलं. मार्च २०२३ मध्ये गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी राइट टू वर्क रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली आणि फेब्रुवारी २०२४ पासून तो अमलात आला.

दुसरा वाद आपत्कालीन व्यवस्थापकाचा. आपल्याकडे महापालिकेवर प्रशासक बसतो, तसाच हा प्रकार. २०२२ नंतर महाराष्ट्रातल्या लोकांना नगरसेवक नसलेल्या महापालिकेचा चांगलाच अनुभव आहे. मिशिगनमध्ये दिवाळखोरीकडे निघालेल्या शहरावर राज्य सरकार असा माणूस नेमतं. २००० मध्ये हॅमट्रॅमिकवर नेमलेले लुई शिमेल हे मॅकिनॉ सेंटरशी जोडलेले होते. युनियनचे करार मोडण्याचा अधिकार नसल्याने आपले हात बांधलेले राहिले, कायदा कडक करायला हवा, असं त्यांनी २००५ मध्ये संस्थेसाठी लिहिलं. मार्च २०११ मध्ये आलेल्या नव्या कायद्याने ते अधिकार दिले. करार रद्द करणं, मालमत्ता विकणं, निवडून आलेल्यांना बाजूला ठेवणं, सगळं. शिमेल त्याच वर्षी पॉन्टियॅक शहराचे व्यवस्थापक झाले.

नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदारांनी हा कायदा फेटाळला. पुढच्याच महिन्यात थोडे बदल करून तो परत आणला गेला, आणि खर्चाची तरतूद घालून पुन्हा जनमताचा दरवाजा बंद केला गेला. एका टप्प्यावर मिशिगनमधल्या जवळपास निम्म्या कृष्णवर्णीय नागरिकांच्या शहरांवर असे व्यवस्थापक होते. हॅमट्रॅमिकवर २०१३-१४ मध्ये दुसऱ्यांदा ही पाळी आली. याच शहरात २००४ मध्ये लाउडस्पीकरवरील अजानच्या परवानगीवर मतदान होऊन मतदारांनी ती कायम ठेवली होती. याच शहराने २०१५ मध्ये मुस्लिम बहुमत असलेली नगरपरिषद निवडली. अशा गावात निवडून आलेल्यांच्या हातात काय उरतं, हा प्रश्न कागदावरचा नाही.

फ्लिंटचं नाव यातच येतं. एप्रिल २०१४ मध्ये, व्यवस्थापकाच्या कारभारात, पैसे वाचवण्यासाठी शहराचं पाणी फ्लिंट नदीतून घेतलं गेलं. पाण्यावर गंजरोधक प्रक्रिया न केल्याने जुन्या पाइपांतलं शिसं घराघरांत पोचलं. लहान मुलांच्या रक्तात ते सापडलं. कायद्याचे समर्थक म्हणतात की चूक अधिकाऱ्यांची होती, कायद्याची नाही. गव्हर्नरांनीच नेमलेल्या गटाने मार्च २०१६ च्या अहवालात राज्य सरकारच्या खात्यांना तर दोषी धरलंच, पण व्यवस्थापकांच्या निर्णयांकडेही बोट दाखवलं. फ्लिंटचा दोष एका थिंक टँकवर टाकणं अतिशयोक्ती होईल. पण ज्या कायद्याने लोकांची तक्रार ऐकणारा निवडून आलेला माणूसच दूर केला, त्याची शिफारस करणाऱ्यांना पूर्ण हात झटकता येतील असं आम्हाला वाटत नाही.

गंमत पुढे आहे. २०२० मध्ये कोविडच्या काळात गव्हर्नर व्हिटमर यांनी आणीबाणीचे आदेश काढले. मॅकिनॉ सेंटरच्या वकिलांनी त्याविरुद्ध खटला लढवला. एका व्यक्तीच्या हाती एवढे अधिकार नकोत, असा मुद्दा होता. २ ऑक्टोबरला मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. मुद्दा बरोबर असेलही, पण हॅमट्रॅमिक आणि पॉन्टियॅकच्या वेळी तो कुठे गेला होता?

तिसरा वाद माहितीचा. मार्च २०११ मध्ये संस्थेने माहिती अधिकाराखाली तीन सरकारी विद्यापीठांतल्या कामगार-अभ्यास विभागांच्या प्राध्यापकांचे ईमेल मागितले, ज्यांत विस्कॉन्सिनच्या कामगार आंदोलनाचा उल्लेख असेल असे. सरकारी पैशावर राजकारण होतं का हे पाहायचं होतं, असं संस्थेचं समर्थन. प्राध्यापकांना ती धमकी वाटली. संस्था स्वतः खासगी असल्याने तिचे ईमेल मात्र कुणी असे मागू शकत नाही. देणगीदारांची नावंही ती जाहीर करत नाही, कायद्याने तशी सक्ती नाही. तरीही देणाऱ्या फाउंडेशनना आपलं वार्षिक कर-विवरण उघड करावं लागतं, आणि त्यातून डाऊ, डीव्हॉस व कोख घराण्यांच्या फाउंडेशनची नावं पुढे आलेली आहेत.

शाळांच्या प्रश्नावर मुस्लिम घरांत मतं विभागलेली दिसतात, आणि ते स्वाभाविक आहे. १९७० च्या दुरुस्तीनुसार मिशिगनची राज्यघटना खासगी शाळांना सरकारी पैसा देऊ देत नाही. २००० मध्ये व्हाउचरचा प्रस्ताव मतदारांनी मोठ्या फरकाने फेटाळला. २०२१ मध्ये मॅकिनॉ सेंटरच्या वकिलांनी काही पालकांतर्फे या बंदीलाच आव्हान दिलं, तेही फेडरल न्यायालयांत टिकलं नाही. हे आव्हान टिकलं असतं तर कॅथलिक शाळांबरोबर डेट्रॉइट भागातल्या इस्लामी शाळांच्या पालकांनाही लाभ झाला असता. दुसरीकडे, ज्यांची मुलं डिअरबॉर्नच्या सरकारी शाळांत शिकतात त्यांना या शाळांचा निधी आटण्याची भीती वाटते.