‘स्त्री’ या शब्दाचा कज्जा

ता. १६ एप्रिल २०२५ रोजीं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयांतील पांच न्यायाधीशांनीं एकमतानें असा निर्णय दिला कीं, २०१० च्या समानता कायद्यांत ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ जन्मतः स्त्रीदेह असलेली व्यक्ति एवढाच घ्यावयाचा. एका पक्षानें आनंद मानला, दुसऱ्यानें शोक केला. परंतु ज्यास या वादाचें मर्म जाणावयाचें असेल त्यानें अर्धशतक मागें गेलें पाहिजे.

१९७० सालीं न्यायमूर्ति ऑर्मरॉड यांनीं एका खटल्यांत ठरविलें कीं, विवाहापुरतें मनुष्याचें लिंग जन्मकाळच्या शरीररचनेवरूनच ठरतें; पुढें शस्त्रक्रिया झाली तरी तें बदलत नाहीं. यामुळें पारलिंगी माणसांची स्थिति मोठी चमत्कारिक झाली. राहणी स्त्रीची, जन्मदाखला पुरुषाचा. पदोपदीं तो कागद आड येई. अखेर २००२ सालीं स्ट्रासबुर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयानें ब्रिटनला दोषी ठरविलें, आणि २००४ सालीं पार्लमेंटनें लिंगमान्यतेचा कायदा केला. वैद्यकीय निदान झालेल्या व दोन वर्षें नव्या लिंगानुसार राहिलेल्या प्रौढ व्यक्तीस दाखला मिळावा, आणि कांहीं अपवाद सोडून सर्व कामीं तो मानावा, अशी त्यांत तरतूद आहे.

स्त्रियांचे हक्क निराळ्या वाटेनें आले होते. १९७५ च्या कायद्यानें नोकरी व शिक्षण यांतील भेदभावास बंदी केली. तथापि कांहीं ठिकाणीं स्त्रियांसाठीं स्वतंत्र सोय ठेवण्यास मुभा राहिली. ही कोणाची कृपा नव्हे. मारहाणीमुळें घर सोडलेल्या बाईस रात्रीं निर्धास्त झोपतां यावें, एवढाच तिचा हेतु. २०१० च्या कायद्यानें ‘लिंग’ आणि ‘लिंगांतर’ या दोहोंसही संरक्षण दिलें; मात्र दाखलाधारक व्यक्ति त्या कायद्यापुरती स्त्री समजावी कीं नाहीं, हें स्पष्ट सांगितलें नाहीं.

ही उणीव स्कॉटलंडांत उघडी पडली. तेथील २०१८ च्या कायद्यानें सार्वजनिक मंडळांवर निम्म्या बिगरकार्यकारी जागा स्त्रियांकडे असाव्या असें उद्दिष्ट ठेवलें. त्यांत कोणास मोजावें यावरून ‘फॉर विमेन स्कॉटलंड’ ही संस्था कोर्टांत गेली. डिसेंबर २०२२ मध्यें स्कॉटिश पार्लमेंटनें निदानाची अट काढणारें बिल ८६ विरुद्ध ३९ मतांनीं मंजूर केलें. तें लंडनच्या सरकारनें जानेवारी २०२३ मध्यें रोखलें.

सर्वोच्च न्यायालयाचा युक्तिवाद साधा आहे. दाखल्यावरून लिंग ठरविल्यास, दाखलाधारक पारलिंगी पुरुष गरोदर राहिला तर स्त्रियांसाठीं असलेलें प्रसूतिविषयक संरक्षण त्यास मिळणार नाहीं. शिवाय दाखला गोपनीय असल्यामुळें तो कोणापाशीं आहे हें आश्रयगृहाच्या चालकांस कळण्याचा मार्ग नाहीं. परंतु पारलिंगी व्यक्तींचें भेदभावापासूनचें संरक्षण कायम आहे, आणि हा एका गटाचा दुसऱ्यावरील विजय समजूं नये, असेंही याच निर्णयांत बजाविलें आहे.

हें बजावणें विसरलें जाण्याचें भय आहे. शब्दाचा अर्थ न्यायालयानें लावला. पण इस्पितळांत पारलिंगी रुग्णाची खाट कोठें मांडावी, याचें उत्तर शब्दार्थांत नाहीं. स्त्रीस निर्भय निवारा हवा, हें खरें. पारलिंगी माणसास अपमानावांचून जगावयाचें आहे, हेंही तितकेंच खरें. १९७० च्या निर्णयांत दुसऱ्या गोष्टीचा विसर पडला, २००४ च्या कायद्यांत पहिलीचा पुरता विचार झाला नाहीं. आणि दोन्ही वेळां त्याचें मोल मागाहून आलेल्यांनीं दिलें. आतां होणाऱ्या नियमांत दोहोंस एकत्र बसवून विचार झाला, तरच हा कज्जा मिटेल.