रायपूरचे पाणी का नासले

रायपूरला नळाचे पाणी मिळू लागले ते १८९२ साली. खारून नदीचे पाणी उचलून शहरात आणणाऱ्या या योजनेसाठी राजनांदगाव संस्थानचे राजे बलरामदास यांनी भरघोस देणगी दिली, म्हणून ती त्यांच्याच नावाने ओळखली गेली. नगरपालिका १८६७ ची, रेल्वे येऊन जेमतेम चार वर्षे झालेली, आणि १९०१ च्या जनगणनेत शहराची वस्ती बत्तीस हजारांच्या घरात. तलावाच्या घाटावरून घागरी वाहणाऱ्या अशा गावाला नदीचे पाणी नळाने मिळणे ही मोठीच सुधारणा होती, आणि शहराच्या इतिहासात तिची नोंद तशीच होते. त्या नोंदीत एक बाजू मात्र राहून जाते. साठवलेले पाणी वास न मारता टिकवायचे तर त्याची राखण करावी लागते. नळ आल्यावर ही राखण संपली नाही. ती कोणी करायची, एवढेच धूसर झाले. रायपूरच्या तलावांना आणि टाक्यांना पुढे जी दुर्गंधी लागली, तिचे मूळ पाण्याच्या टंचाईत किंवा लोकांच्या अडाणीपणात शोधण्यापेक्षा या हरवलेल्या जबाबदारीत शोधावे, असे मला वाटते.

आधी वास येतो कशाने ते पाहू. पाणी एका जागी थांबले, तापले आणि तळाशी गाळ-पाला कुजू लागला की त्यातला प्राणवायू संपत जातो. मग प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू पाण्यातल्या सल्फेटवर पोसतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. कुजक्या अंड्यासारखा वास तो हाच. शेवाळ माजले तर मातकट दर्प येतो. बंद टाकीत याचीच छोटी आवृत्ती घडते: पाण्यातला क्लोरीन दिवसागणिक घटतो, भिंतींना बुळबुळीत थर धरतो आणि त्याखाली जिवाणूंना घर मिळते. एकराएकरांचा तलाव असो की गच्चीवरची टाकी, नियम बदलत नाही. उपायही ठरलेले: पाणी खेळते ठेवा, तळ साफ ठेवा, घाण आत येऊ देऊ नका. जुन्या मराठी घरांत रोज सकाळी कालचे पाणी ओतून हंडे-कळशा घासून नव्याने भरत, त्यामागे हाच व्यवहार होता.

रायपूरने हा व्यवहार शहराच्या मापाने चालवला होता. ब्रह्मदेव या कलचुरी राजाचा पंधराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख उपलब्ध आहे, आणि बुढा तलाव परंपरेने त्याच जुन्या राजवटीशी जोडला जातो. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत छत्तीसगडात उतरले, १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले, आणि १८१८ नंतर इंग्रजांच्या देखरेखीत मुख्य ठाणे रायपूरला आले. या काळात तलावांची भर पडत राहिली. महाराजबंध तलाव महाराज दाणी या मराठेशाहीतल्या महसूल मक्तेदाराने बांधल्याचे आणि कंकाली तलाव कृपालगिर महंताने दगडात बांधून काढल्याचे जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. म्हणजे राजा, मक्तेदार आणि मठ असे तिघेही तलाव बांधत. छत्तीसगडी गावे आपली तलावसंख्या ‘छै आगर छै कोरी’, म्हणजे सहा विसा आणि वर सहा, अशी अभिमानाने सांगतात. १२६ हा आकडा जागोजागी खरा नसेलही, पण अनेक तलाव असण्याला अर्थ होता, कारण त्यामुळे कामे वाटून देता येत. पिण्याचा एक, आंघोळ-धुण्याच्या निस्ताराचा दुसरा, गुराढोरांचा तिसरा. माजी मालगुजारी तलाव ठाऊक असलेल्या भंडारा-गोंदियाच्या वाचकाला ही वाटणी वेगळी सांगायला नको. तलावाचे लग्न लावून मध्यभागी लाकडी खांब रोवण्याची चाल होती. त्या संस्काराने तलावावर गावाचा हक्क आणि गावावर तलावाचे ओझे, दोन्ही ठरून जाई. उन्हाळ्यात पाणी आटले की निघालेला गाळ शेतात पडे. साफसफाईची मजुरी अशी खताच्या रूपाने वसूल होई.

यावर पहिला आक्षेप असा की हे चित्र फार गोड आहे. आक्षेप रास्त आहे. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांना कॉलऱ्याचे जंतू कलकत्त्याच्या एका तलावातही सापडले, जिथे काठची वस्ती पाणी पीत होती आणि तिथेच धूतही होती. शिवाय घाटांची वाटणी केवळ कामांची नव्हती, जातींचीही होती. सार्वजनिक तलावाचे पाणी पिण्यासाठी १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला, हे मराठी वाचकाने विसरता कामा नये. जुनी व्यवस्था म्हणून जशीच्या तशी उचलण्याजोगी नाही. पण कॉख यांचा पुरावा नीट वाचला तर तो माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. तो तलाव विषारी झाला, कारण पिण्याचे आणि धुण्याचे पाणी तिथे एक झाले होते. वाटणी मोडली की तलाव मारक ठरतो. त्या वाटणीतला अन्याय काढून टाकायचा होता, शिस्त टाकायची नव्हती.

नळ आल्यावर नेमकी ती शिस्त गेली. पिण्याचे पाणी खारूनहून येते म्हटल्यावर तलावात काय पडते याची काळजी वाहण्याचे कारण उरले नाही. आधी धुणे, मग गटारे, मग भराव. राजबंधा तलावाचे आज मैदान झाले आहे आणि तिथे वृत्तपत्रांच्या कचेऱ्या आहेत. उरलेल्या अनेक तलावांना सांडपाणी आणि जलपर्णी चिकटली. नळाच्या योजनेलाही राखण लागतेच, हे पुण्याच्या उदाहरणावरून ध्यानात यायला हवे होते. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून बंद नळाने पाणी आणले, तेव्हा वाटेत हवेसाठी उच्छ्वास ठेवले आणि गाळ बसायला जागा केल्या. पाणी बंदिस्त केले की त्याला श्वासही द्यावा लागतो आणि आत उतरायला दारही, हे त्या कारागिरांना कळत होते. एकोणिसाव्या शतकातल्या नळयोजनांचा भर मात्र पाणी पोचवण्यावर होता. पोचल्यानंतर ते किती वेळ आणि कशात पडून राहते, हा प्रश्न घराच्या उंबऱ्यावर सोडून दिला गेला.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. वास हा धोक्याचा भरवशाचा पुरावा नाही. २०१८ मध्ये रायपूरच्या नहरपारा भागात पाण्यातून पसरलेल्या काविळीने माणसे दगावली, आणि २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत शहरात पुन्हा कावीळ आली. काविळीच्या विषाणूला वास नसतो. उलट क्लोरीनचा वास येतो ते पाणी बहुधा सुरक्षित असते. मग नाकावर विसंबणारा जुना शहाणपणा काय कामाचा? पण वास ही खूण आहे, निदान नव्हे. पाण्यात जीव वाढायला जागा आणि सवड मिळाली, एवढेच तो सांगतो. काविळीच्या साथींत बोट दाखवले गेले ते गटारांतून गेलेल्या गळक्या वाहिन्यांकडे. म्हणजे पिण्याचे आणि सांडपाण्याचे मिश्रण तिथेही झाले, फक्त ते जमिनीखाली असल्याने नाकाला कळले नाही. म्हणूनच आज नाकाच्या जोडीला चाचणी हवी. नळाच्या तोंडाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावा, हा भारतीय मानक ब्यूरोचा दंडक स्वस्त रसायनाने घरीही तपासता येतो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: २०११ च्या जनगणनेनुसार दहा लाखांवर गेलेले शहर तलावांवर जगू शकत नाही. खरे आहे, आणि तसे कोणी सुचवूही नये. महानदीवरच्या गंगरेल धरणाचे पाणी रायपूरला लागणारच. पण धरणापासून गच्चीपर्यंतच्या वाटेत ते पाणी कितीदा तरी साठते, आणि प्रत्येक साठ्याला मालक हवा. तलाव स्वच्छ करून काठाला दिवे आणि फिरण्याची वाट केली म्हणजे राखण झाली असे नाही. आत येणारे प्रत्येक गटार बंद झाल्यावरच ती सुरू होते. महापालिकेने कोणत्या वाहिनीची तपासणी कधी झाली ते वॉर्डात फलकावर लावावे. नागरिकांनी आपली टाकी वर्षातून दोनदा रिकामी करून, घासून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन घ्यावी आणि धुतल्याची तारीख तिच्यावर रंगवावी. बुढा तलावाच्या काठी पूर्वी जे काम गाव मिळून करत होते, ते आता घराघरांत आणि कचेरीकचेरीत वाटून घेतल्याशिवाय पाण्याचा वास जाणार नाही.